मलपात्र, यंत्र आणि माणूस

१९५६ साली अमरावतीजवळ वलगाव येथे देह ठेवणाऱ्या गाडगेबाबांनी खराटा स्वेच्छेने हाती घेतला होता. रुग्णालयातील मलपात्र मात्र सफाई कामगाराच्या हाती जातीने दिले आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्यास बंदी घातली. पण त्याची नजर संडास-गटारांपलीकडे, वॉर्डापर्यंत पोचली नाही.

उपाय उपलब्ध आहे. मलपात्र धुण्याच्या बंद यंत्रात मैला परस्पर गटारात जातो, भांडे धुतले जाते आणि वाफेने किमान मिनिटभर ८० अंशांवर तापते. हात विटाळत नाहीत, रोगाचा फैलावही रोखला जातो.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या शासकीय रुग्णालयांत वॉर्डागणिक हे यंत्र, त्यास अखंड पाणी-वीज आणि ते चालविणाऱ्यास कायम नोकरी, ही आपली मागणी आहे. यंत्र आले म्हणून कामगार गेला, हे आपण होऊ देता कामा नये.