लोखंड घासायची चकती: घेताना आणि वापरताना



पेरणी तोंडावर आली की कुळवाची फास, कोळप्याची पाती, विळे, कोयते, सगळंच धारेला लावायचं असतं. लोहाराकडे पाळी धरून बसण्यापेक्षा पुष्कळांनी आता घरीच चार इंची हातग्राइंडर घेतला आहे. बरंच केलंत. पण यंत्र घेताना चार दुकानं हिंडणारा माणूस चकती घेताना मात्र "दे रे, कुठलीही एक" म्हणतो. चूक होते ती इथं.

चकतीवर बारीक अक्षरात एक आकडा असतो. मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे ती सोसेल, त्याचा तो आकडा. चार इंची यंत्र मिनिटाला ११ ते १२ हजार फेरे घेतं. चार इंची चकती साधारण १५ हजारांपर्यंत सोसते, म्हणून ती निर्धास्त. सात इंची चकतीवर मात्र आकडा साडेआठ हजारांच्या आसपासच असतो. आमच्या शेजारच्या एका भावानं गार्ड काढून हीच मोठी चकती लहान यंत्रावर चढवली. "काम लवकर उरकतं," म्हणे. अहो, अशा वेळी चकतीची कड ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या वेगानं धावते! चकती फुटली, एक तुकडा गोठ्याच्या पत्र्यातून आरपार गेला. त्याचं नशीब की समोर कोणी उभं नव्हतं. तेव्हा चकतीचा आकडा यंत्राच्या आकड्याहून मोठाच पाहिजे, आणि गार्ड काढावा लागेल अशी चकती घ्यायचीच नाही. लाकूड कापायचं दातेरी पातंही या यंत्रावर लावू नका.

दुसरं, काम कोणतं ते दुकानदाराला सांगा. पातळ चकती कापायची. तिच्या बाजूनं घासलं तर ती मोडते. घासायला जाड, मध्ये खोलगट चकती मागा, आणि ती पंधरा ते तीस अंश तिरकी धरा. चकतीवर इंग्रजी 'ए' अक्षर असेल तर ती लोखंडाची, 'सी' असेल तर दगड-फरशीची. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बनवल्यापासून बहुधा तीन वर्षं. मुदत टळलेली, ओल लागलेली किंवा तडा गेलेली चकती स्वस्तात मिळाली तरी नको. घरी ती कोरड्या जागी, आडवी ठेवा.

आता धारेचं. कोयत्याला जाड चकती लावून जोर दिला की धार निळी पडते. निळी पडली म्हणजे लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. मग कितीही घासा, दोन दिवसांत कोयता बोथट. त्यासाठी साठ किंवा ऐंशी नंबरची फ्लॅप डिस्क मागा. हलक्या हातानं फिरवा, थोडं घासून थांबा, पातं पाण्यात बुडवून गार करा. वेळ लागतो खरा, पण कोयता टिकतो.

चकती बदलताना वायर भिंतीच्या प्लगमधून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नवी चकती मिनिटभर रिकामी फिरवून पाहा, आपण बाजूला उभं राहून. उपरणं, सैल बाही, सुती हातमोजे नकोत. डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा हवाच, वाचायचा चष्मा चालत नाही. तरीही कण गेलाच तर डोळा चोळू नका. कोणी पदराच्या टोकानं किंवा सुईनं काढून देतो म्हणाला तरी ऐकू नका. सरळ डॉक्टर गाठा.

आणि जागा पाहून बसा. ठिणग्या दहा-पंधरा फूट उडतात. कडब्याची गंज, सोयाबीनचं भुसकट, डिझेलचा डबा यांपासून लांब, उघड्या मातीवर काम करा. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी तिथून हलू नका. कडबा आतल्या आत धुमसतो, धूर दिसतो उशिरा.