जिभेवरचे जिवाणू आणि शरीरातले नायट्राइट

पालक, चवळई, मुळा, बीट यांतून पोटात गेलेल्या नायट्रेटचे नायट्राइट करण्याचे काम मुख्यतः जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू करतात. माणसाच्या स्वतःच्या पेशींना ते फारसे जमत नाही. व्हेलोनेला, रोथिया, निसेरिया ही त्यांतल्या काही जिवाणूंची नावे.

खाल्लेले नायट्रेट लहान आतड्यातून रक्तात शिरते. त्यातला सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी वेचून घेतात, त्यामुळे लाळेत ते रक्तापेक्षा दहापटीहूनही दाट होते. जिवाणू त्यातल्या काही भागाचे नायट्राइट करतात. लाळेबरोबर ते गिळले, की जठरातल्या आम्लामुळे थोड्या नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. बाकीचे नायट्राइट रक्तात जाते आणि ऑक्सिजन कमी पडेल तिथे त्याचाही हाच वायू होतो. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. या वायूचे रक्ताभिसरणातले कार्य दाखवणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

क्लोरहेक्सिडीनसारख्या जंतुनाशकाने रोज चुळा भरल्या तर हे जिवाणूही मरतात. प्रयोगांत अशा चुळांनंतर लाळेतले आणि रक्तातले नायट्राइट घटलेले, काही जणांचा रक्तदाब किंचित चढलेला आढळला. दंतवैद्याने ठरावीक दिवसांसाठी दिलेले औषध जरूर वापरावे. पण केवळ ताजेपणासाठी ते वर्षभर वापरणे योग्य नव्हे.

वऱ्हाडात नायट्रेट विहिरीच्या पाण्यातूनही येते. शेतातला युरिया, गोठ्याजवळचा उकिरडा, शौचालयाचे खड्डे यांतून ते झिरपते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या, अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा खारेपणा जिभेला लगेच कळतो. नायट्रेट मात्र चवीवरून ओळखता येत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची भारतीय मानकातली मर्यादा आहे.

जास्त नायट्रेटच्या पाण्याचा खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असतो. त्याच्या जठरात आम्ल कमी, म्हणून तिथेही जिवाणू वाढून नायट्राइट बनवू शकतात. जास्तीचे नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्यास निकामी करते आणि बाळ निळसर पडते. बाहेरचे दूध अशा पाण्यात कालवून देणे म्हणूनच घातक. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतल्यावरच नायट्रेटचे प्रमाण कळते.