गर्भवतीच्या ताटातील तिळाची चटणी

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दौऱ्यावर असताना एका गावी ऐकलेली हकीकत सांगतो. संक्रांतीला तिळगूळ खाल्ला म्हणून गर्भ गेला, असा बोल एका सुनेला वर्षभर ऐकून घ्यावा लागला. दिवस गेल्याचे कळताच तीळ, जवस, कारळे यांच्या चटण्या ताटातून काढून घेणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. वडीलधाऱ्यांच्या मनात काळजीच असते. परंतु तिला शास्त्राचा आधार हवा.

जेवणासोबत चमचाभर तिळाची चटणी खाल्ल्याने गर्भपात होतो, यास पुरावा नाही. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो. तेव्हा दोष चटणीला देऊ नये. सुनेला तर मुळीच देऊ नये.

मात्र मसाला आणि औषध यांत भेद केला पाहिजे. फोडणीतील मोहरी, मेथ्या, ओवा ही निराळी गोष्ट. ओव्याचा कडक काढा, मूठभर मेथ्यांची पूड किंवा बियांचे अर्क ही निराळी. अशी मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. तिळाने अंगावर पुरळ वा ओठांना सूज येत असेल, तर तो वर्ज्यच करावा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा वेळी लोह व कॅल्शियम असलेला, घरात सहज मिळणारा पदार्थ केवळ भीतीपोटी बंद करणे परवडणारे नाही. सोबत लिंबू घेतल्यास लोह अंगी लागण्यास मदत होते. तथापि चटणी ही गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाच्या आणि त्यानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यावयाच्याच आहेत.

आपणांस माझी विनंती एवढीच : गर्भवतीची नोंदणी १२ आठवड्यांच्या आत होईल, हे पाहावे. रक्तस्राव किंवा पोटात तीव्र कळा असल्यास 'काय खाल्लेस?' असे विचारीत न बसता तिला तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे. उष्ण-थंडाच्या चर्चेत गेलेली घटका मोलाची असते.