गाळण्याचे कापड आणि नदी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



माझी हयात कापड मोजण्यात गेली. पाणी गाळण्यासाठी जाड सुती कापड मागणारी गिऱ्हाइके आजही पेढीवर येतात. दुहेरी कापडाने पाणी गाळावे आणि त्यात अडकलेले जीव मूळ पाण्यात परत सोडावेत, ही आपली परंपरा. पण ते मूळ पाणी आज कसे आहे? पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेस मिळते. तेच पाणी पुढे दौंडला येते. साबणाचा फेस कोणत्याही कापडाने गाळला जात नाही.

पुण्यात ‘जीवितनदी’चे स्वयंसेवक २०१४ पासून झटत आहेत. विठ्ठलवाडीचा मुठाकाठ त्यांनी दत्तक घेतला. ते कचरा उचलतात, लोकांना नदीफेरीस नेतात, मुठाई महोत्सव साजरा करतात आणि घरातील रसायने कमी करावयास सांगतात. हे शेवटचे मला विशेष पटले, कारण ते आपल्याच मोरीपासून सुरू होते. मैलापाण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटणार नाही. ते काम महापालिकेचेच.

आपले शिरूर तर घोडनदी याच नावाने ओळखले जाते, आणि घोडही भीमेलाच मिळते. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मी नदीकाठी येत आहे. पोती पेढीतून आणीन. नातवंडांना आपण आणावे.