हिटलरचे स्टेटस आणि आपला हिशेब

(चिखली येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात २७ जानेवारीच्या संध्याकाळी केलेले भाषण, थोड्या संपादनासह)



मला बोलावणाऱ्या मुलांनी एकच अट घातली होती : सर, शाळेत शिकवायचे तसे शिकवू नका. तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला ही अट जरा जड जाते. तरी प्रयत्न करतो.

सुरुवात घरातूनच करतो. मागच्या वर्षी माझ्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपला हिटलरचा फोटो स्टेटस म्हणून लावला. खाली हिटलरच्या नावावर एक वाक्य होते. त्याचा अर्थ असा, की मी काही यहुदी मुद्दाम जिवंत सोडले, म्हणजे बाकीच्यांना का मारले ते जगाला पुढे कळेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे वाक्य पाहिले असणार. हसू नका, हात वर करायला सांगत नाही. मी त्याला बोलावले. तो म्हणाला, "मामू, सब लगा रहे हैं. गाझा में क्या चल रहा है, देखते नहीं क्या आप?"

पोरगा वाईट नाही. मोहल्ल्यात कुणाला रक्त लागले तर रात्री दोनला मोटारसायकल काढून जातो. गाझातल्या मुलांचे व्हिडिओ पाहून त्याला रडू आले होते, आणि रडू आले त्यात काही चूक नाही. पण दुःख गाझाचे आणि फोटो हिटलरचा, हे कसे झाले? आज मला बोलायचे आहे ते एवढ्यावरच.

आधी ते वाक्य. ते खोटे आहे. हिटलरने असे कुठे म्हटल्याचा पुरावा नाही. आणि पुरावा शोधायच्याही आधी साधा विचार करा, की हिटलरला कुणाला जिवंत सोडायचे होते का? २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वानझे नावाच्या तळ्याकाठच्या एका बंगल्यात पंधरा अधिकारी बसले. त्यांतल्या अनेकांच्या नावामागे डॉक्टर ही पदवी होती. (शिक्षणाने माणूस आपोआप सुधारतो, असे मी वर्षानुवर्षे पालकांना सांगत आलो. त्या बैठकीविषयी वाचल्यापासून जरा जपून सांगतो.) त्यांच्यासमोर एक यादी होती. युरोपातल्या कुठल्या देशात किती यहुदी, याची. एकूण एक कोटी दहा लाख. त्यात अजून न जिंकलेले इंग्लंड होते, लढाईत नसलेले स्वित्झर्लंड होते. आणि अल्बानिया होता, आकडा फक्त २००. दोनशे माणसांचीही ज्यांनी नोंद ठेवली, ते "काही सोडले" म्हणतील काय? जे वाचले ते लपले म्हणून, पळाले म्हणून, कुणी तरी दार उघडले म्हणून वाचले. साठ लाख वाचले नाहीत. त्यांतले सुमारे दहा लाख एकट्या ऑशविट्झ या छावणीत मारले गेले. १९४५ साली आजच्याच तारखेला सोव्हिएत फौजा तिथे पोहोचल्या, तेव्हा आत सुमारे सात हजार माणसे उरली होती. म्हणून हा दिवस. याच यंत्रणेने रोमा लोकांनाही मारले, ज्यांच्या भाषेचे मूळ आपल्या देशात आहे. आणि अपंग, मनोरुग्ण माणसांना तर त्यांच्याही आधी.

आता त्या अल्बानियाचे सांगतो. हा मुसलमान बहुसंख्य असलेला देश. तिथे 'बेसा' म्हणून एक रीत आहे. बेसा म्हणजे दिलेला शब्द. दारात आलेला माणूस पाहुणा, आणि पाहुण्याचा जीव आपल्या जिवावर. १९४३ साली जर्मन फौज आली आणि तिने यहुद्यांच्या याद्या मागितल्या, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी त्या दिल्या नाहीत. तिराना शहरात एका फोटो स्टुडिओत रेफिक वेसेली नावाचा सतरा वर्षांचा मुलगा काम शिकत होता. तिथेच मोशे मांडिल हा युगोस्लाव्हियातून पळून आलेला यहुदी फोटोग्राफर काम करत होता. रेफिकने मांडिल, त्यांची बायको आणि दोन लेकरांना रात्री-रात्री डोंगरातून क्रुया गावी आपल्या आई-वडिलांच्या घरी नेले. दिवसा गुहेत लपायचे, रात्री निघायचे. वेसेल आणि फातिमा या त्या आई-वडिलांनी मोठ्यांना गोठ्याच्या माळ्यावर लपवले, आणि लेकरे गावातल्या पोरांत मिसळली. युद्ध संपेपर्यंत. लढाईनंतर अल्बानियात यहुद्यांची संख्या आधीपेक्षा कमी झाली नव्हती, कित्येक पटींनी वाढली होती.

इथे बसलेल्यांत सतरा वर्षांचे किती आहेत? स्टेटसला लावायचाच तर रेफिकचा फोटो मिळतो.

मात्र आपल्या सोयीचे तेवढेच सांगून मी थांबणार नाही. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी २८ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये हिटलरला भेटले, त्याच्या बाजूने रेडिओवर बोलत राहिले. तेही मुसलमान होते. आणि त्याच बर्लिनमध्ये मोहम्मद हेल्मी नावाचा इजिप्शियन डॉक्टर आना बोरोस या यहुदी मुलीला लपवत होता. पकडला गेला असता तर मेला असता. मग मुसलमान कसे असतात, मुफ्तीसारखे की डॉक्टरसारखे? हा प्रश्नच चुकीचा आहे, हे तुम्हाला लगेच कळले. कारण हा प्रश्न आपल्याला रोज विचारला जातो.

आपला खरा त्रास काय आहे? तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या औरंगजेबाचा हिशेब आपल्या बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे मागितला जातो. २००८ साली मुंबईत हल्ला झाला. नरिमन हाउसमधले यहुदी धर्मगुरू आणि त्यांची पत्नी मारले गेले. तेव्हा मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांना तिथे दफन करू द्यायला साफ नकार दिला. तरी पुढे कित्येक दिवस ऑफिसात, रेल्वेच्या डब्यात आपल्यालाच विचारले गेले, तुमचे काय म्हणणे आहे? मी स्वतः तरुणपणी एका मोठ्या शहरात खोली शोधत होतो. मालकीणबाई चांगल्या बोलल्या, पाणी दिले, नाव विचारले. मग आठवले की खोली कालच दिली आहे. संध्याकाळी परत जाताना पाहिले, 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी जागेवरच होती. मी त्या बाईंचे काय केले होते? काही नाही. माझ्या नावाने कुणी तरी, कुठे तरी काही तरी केले असेल.

आता हेच उलट करून पाहा. नेतन्याहू सरकारने गाझात जे केले, त्याविरुद्ध बोला, मोर्चा काढा, निवेदन द्या. मीही सही करतो. पण त्याचा हिशेब १९४४ साली गॅसच्या खोलीत मेलेल्या मुलीकडून मागायचा? ती पॅलेस्टाइनला कधी गेलीही नव्हती. एकाच्या कामाचा जाब दुसऱ्याला विचारायचा, फक्त त्याचा धर्म तोच आहे म्हणून. औरंगजेबाचा हिशेब मागणारा याहून वेगळे काय करतो?

जर्मनीतही सुरुवात गॅसने झाली नाही. १ एप्रिल १९३३ला यहुद्यांच्या दुकानांसमोर माणसे उभी राहिली : यांच्याकडून घेऊ नका. मग १९३५चे न्यूरेंबर्गचे कायदे आले, लग्न कुणी कुणाशी करायचे ते ठरले. १९३८ साली पासपोर्टवर 'जे' अक्षराचा शिक्का आला. नावावरून धर्म कळत नसेल तर पुरुषांनी नावापुढे इस्राएल आणि बायकांनी सारा लावायचे, असा हुकूम निघाला. दुकानावर मालकाचे नाव ठळक लिहा, अमक्याकडून भाजी घेऊ नका, हे तुम्ही अलीकडे कुठे ऐकले, ते मला सांगायला नको. आपला देश जर्मनी झाला असे मी म्हणत नाही. इथे संविधान आहे, न्यायालये आहेत, आणि आपल्या बाजूने उभे राहणारे शेजारी आहेत. इथून थोड्या अंतरावर सैलानी बाबांच्या यात्रेत कोण कुठल्या धर्माचा, हे गर्दीत कुणाला ओळखू येते? पण पायऱ्या ओळखता याव्यात, एवढे मात्र म्हणतो.

त्या पायऱ्यांवरून पळालेली काही माणसे आपल्या मुंबईत आली. रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ साली बर्लिनहून आले. ते भूशास्त्रज्ञ होते, पुढे कलासमीक्षक झाले. वॉल्टर लँगहॅमर यांची पत्नी यहुदी. नाझी व्हिएन्नात शिरल्यावर ते दोघे मुंबईला आले, आणि लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले. इमॅन्युएल श्लेसिंगर हेही व्हिएन्नाचे, त्यांनी इथे औषधांचा कारखाना काढला. १९३९ला युद्ध सुरू झाले तेव्हा हिटलरपासून पळालेल्या अशा कित्येक यहुद्यांना इंग्रजांनी 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' म्हणून छावणीत टाकले. पुन्हा तोच हिशेब : जर्मन ना, मग आत! आणि या तिघांनी इथे काय केले? उपाशीपोटी चित्रे काढणारी तरुण पोरे हेरली, त्यांना युरोपची चित्रकला दाखवली, त्यांची चित्रे विकत घेतली. १९४७ला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. त्यात रझा होते, आरा होते, सूझा आणि बाकरे होते, आपल्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातले ह. अं. गाडे होते. आणि पंढरपूरला जन्मलेले, सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरणारे एम. एफ. हुसेन होते. घर सुटलेल्या यहुद्यांनी मुसलमान पोराचे चित्र भिंतीवर लावले.

त्याच हुसेन यांच्यावर म्हातारपणी चित्रांवरून खटले झाले, धमक्या आल्या. २००६ साली त्यांनी देश सोडला. २०११ला लंडनमध्ये वारले आणि तिकडेच त्यांचे दफन झाले. हुसेनविषयी आपल्याला वाईट वाटते. बरोबर आहे. पण तस्लिमा नसरीन यांच्या सभेत २००७ साली हैदराबादला घुसून मारामारी करणारे आपलेच आमदार होते, त्याचे वाईट किती जणांना वाटले? आणि घराजवळचे पाहायचे तर आपल्या बिरादऱ्यांत काय चालते? कुणी पंचांचे ऐकले नाही, कुणी बाहेर लग्न केले, कुणी वेगळ्या मसलकचा निघाला, की बोलणे बंद, दावत बंद, कधी कधी कब्रस्तानही बंद. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तो आपल्याच माणसांना वाळीत टाकणाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्यालाही लागू आहे. हे बोललो म्हणून उद्या मला काही फोन येतील. येऊ द्या.

भाच्याने स्टेटस काढले की नाही, हे विचाराल. दुसऱ्या दिवशी काढले. मला पटवण्यासाठी काढले की पटले म्हणून, ते अजून मला माहीत नाही. पण त्याने एक प्रश्न विचारला : "मामू, आपल्याला तर एकही यहुदी माहीत नाही. नफरत कशी बसली मग?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी त्याला एवढेच सांगितले की माहीत नाही असे नाही, लक्षात नाही. कोकणात घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणजे बेने इस्राएल. किहीमकर, पेणकर अशी त्यांची आडनावे. घरी मराठी, आणि कीर्तनेही मराठीत. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. ते लोक आपल्या प्रार्थनास्थळाला काय म्हणायचे ठाऊक आहे? मशीद. मस्जिद बंदर स्टेशनचे नाव त्याच जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगतात. माझगावात सर एली कदूरी शाळा आहे, यहुद्यांनी आपल्या मुलांसाठी काढलेली. आता तिथे बहुतेक मुले मुसलमानांची.

मार्चमध्ये परीक्षा संपल्या की भाच्याला घेऊन मुंबईला जायचे ठरले आहे. मस्जिद स्टेशनला उतरून पायी जाऊ. रेल्वेचे रिझर्व्हेशन अजून झालेले नाही. कुणाला यायचे असेल तर नावे द्या.

आता प्रश्न विचारा. आणि आधी मागच्या रांगेतल्या मुलींकडे माइक द्या, दर वेळी तो पुढेच अडकून बसतो.