सागरी रहस्यकथा आणि तिचे वाचक

मराठी वाचकाला रहस्यकथेची गोडी नवी नाहीं. चंद्रकांत सखाराम चव्हाण या नांवाचा गृहस्थ बाबूराव अर्नाळकर झाला, त्यानें हजाराहून अधिक पुस्तकें लिहिलीं, आणि त्याचे झुंजार व काळापहाड हे नायक मराठी घरांतून जवळच्या नातलगांसारखे वावरूं लागले. या वाचनाला पुस्तकांच्या कपाटांत मानाची जागा मात्र क्वचितच मिळाली. तें उशीखालीं राहिलें, किंवा बोरीवलीहून चर्चगेटकडे धांवणाऱ्या गाडींत वर्तमानपत्राच्या घडीआड लपलें. ज्या लेखकाच्या टोपणनांवांतच अर्नाळ्याचा जलदुर्ग उभा आहे, त्याच्या वाचकांना समुद्र परका वाटूं नये. पण तो वाटतो खरा. अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोवा, त्यापलीकडे मढ, बोरीवलीच्या खाडीपलीकडे गोराई, आणि घाटकोपर-मुलुंडच्या पूर्वेस ठाण्याची खाडी व मिठागरें, असा उपनगरांतील वाचक दोन्ही अंगांनीं पाण्याच्या शेजारीं राहतो. तरी समुद्रावर घडणाऱ्या गुन्ह्याची कादंबरी हातीं आली कीं ती त्याला दूरदेशची वाटते.

अशा कादंबरीविषयीं जीं मतें ऐकूं येतात, त्यांतील सर्वांत ठाम मत हें कीं, ‘असें कांहीं घडणें शक्यच नाहीं.’ बंद खोलींतील खून वाचकाला पटतो, कारण खोली त्यानें पाहिलेली असते. पण भलें मोठें जहाजच्या जहाज चोरीस जावें, त्याच्या कपाळावरील नांव रातोरात पुसून दुसरें रंगवावें आणि तें नव्या निशाणाखालीं निर्धास्तपणें चालूं लागावें, हें वाचतांना सुशिक्षित वाचक पुस्तक मिटून हंसतो. लेखकानें वाचकाला मूर्ख समजूं नये, असेंही तो वर सुनावतो.

त्यानें हंसण्यापूर्वीं एक खरी हकीकत ऐकावी. २२ ऑक्टोबर १९९९ रोजीं ‘अलोंद्रा रेनबो’ नांवाचें जपानी मालकीचें मालवाहू जहाज इंडोनेशियांतील क्वाला तांजुंग बंदरांतून सुमारें ७,००० टन अॅल्युमिनियमच्या लाद्या घेऊन जपानला जाण्यास निघालें. बंदर सुटून फार वेळ झाला नाहीं तोंच चांचे वर चढले. जहाजावरील १७ माणसांना कांहीं दिवस कोंडून ठेवून पुढें एका तराफ्यावर समुद्रांत सोडून देण्यांत आलें. सुमारें दहा दिवस तीं माणसें लाटांवर वाहत राहिलीं. अखेर थायलंडच्या मच्छीमारांनीं त्यांना वर घेतलें. इकडे जहाजाचें नांव ‘मेगा रामा’ झालें आणि त्यावर बेलीझ या चिमुकल्या देशाचें निशाण फडकूं लागलें. याच रूपांत तें अरबी समुद्रांत भारताच्या तटरक्षक दलाच्या नजरेस पडलें. थांबण्याच्या सूचना त्यानें मानल्या नाहींत. पाठलाग झाला, गोळीबार झाला, आणि १६ नोव्हेंबर रोजीं नौदलाच्या ‘प्रहार’ या युद्धनौकेच्या साहाय्यानें तें पकडण्यांत आलें. पंधरा इंडोनेशियन आरोपी मुंबईस आणले गेले. एखाद्या कादंबरीकारानें हीच कथा रचली असती, तर निदान दोन प्रकरणें गाळण्याचा सल्ला त्याला प्रकाशकानेंच दिला असता.

वाचकाच्या अविश्वासाप्रमाणें त्याचा अतिविश्वासही मोठा मौजेचा असतो. ‘मेरी सेलेस्ट’ हें जहाज १८७२ च्या डिसेंबरांत अटलांटिक महासागरावर एकही माणूस नसलेलें असें सांपडलें होतें. त्या गूढावर आर्थर कॉनन डॉयल या तरुण डॉक्टरानें एक काल्पनिक कथा लिहिली. ती १८८४ च्या जानेवारींत लंडनच्या ‘कॉर्नहिल’ मासिकांत निनांवी प्रसिद्ध झाली, आणि पुष्कळांनीं ती खरी जबानी मानली. जिब्राल्टर येथील ज्या सरकारी अधिकाऱ्यानें मूळ प्रकरणाची चौकशी केली होती, त्याला ही सारी बनवाबनवी असल्याचें जाहीरपणें सांगावें लागलें! शेरलॉक होम्स तेव्हां जन्मासही आला नव्हता.

कोड्याच्या दृष्टीनें वाचणाऱ्यांचा वर्ग निराळा. त्यांना लाटा, शिडें, वादळ यांत रस नसतो. जहाज त्यांना आवडतें तें एवढ्याचसाठीं कीं मधल्यामध्यें कोणी उतरूं शकत नाहीं व बाहेरचा कोणी येऊं शकत नाहीं. अगाथा ख्रिस्तीबाईंची १९३७ सालची ‘डेथ ऑन द नाईल’ या वर्गाला प्रिय असते. नदी म्हणजे समुद्र नव्हे, ही तक्रार खरी. पण बोटीच्या कठड्याआंत अडकलेल्या संशयितांना तिचें काय? खुणा सर्व वाचकासमोर मांडल्या पाहिजेत, हा या मंडळींचा हट्ट योग्यच आहे. रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकानें १९२९ मध्यें रहस्यकथेचे जे दहा नियम घालून दिले, त्यांत हाही एक आहे.

शेवटीं गुन्हेगाराला शासन झालेंच पाहिजे, असें म्हणणारे वाचक संख्येनें बहुधा सर्वांत अधिक असतील. विशेषतः घरांतील वडीलधाऱ्यांना हा आग्रह असतो. मुलांच्या हातीं तेंच पुस्तक जाणार असतें. परंतु ‘अलोंद्रा रेनबो’ची अखेर त्यांना रुचणार नाहीं. मुंबईच्या सत्र न्यायालयानें २००३ मध्यें आरोपींना सात वर्षांची सक्तमजुरी दिली आणि २००५ मध्यें उच्च न्यायालयानें त्यांना निर्दोष सोडलें. चांचेगिरी या अपराधाची स्वतंत्र व्याख्याच त्या वेळच्या भारतीय दंडविधानांत नव्हती. त्यासाठींचा खास कायदा संसदेनें केला तो २०२२ सालीं. हें कांहीं दूरचें कौतुक नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर चालून आलेल्या मारेकऱ्यांनीं ‘कुबेर’ ही मासेमारी नौका भर समुद्रांत बळकावली आणि तिच्या तांडेलाचा खून केला. त्यानंतर सागरी गुन्ह्याची कथा निव्वळ करमणुकीची राहिली आहे, असें या शहरांत कोणीं म्हणावें?

एक आक्षेप मात्र ग्रंथालयांच्या चर्चांतून सहसा ऐकूं येत नाहीं. तो वर्सोव्याच्या वा मढच्या कोळीवाड्यांतून येईल, आणि लेखकांनीं सर्वांत अधिक भ्यावें तें त्यालाच. आमच्या रहस्यकथांत चोरटा माल उतरतो तो नेहमीं अमावास्येच्या मध्यरात्रीं, आणि ओहोटीच्या चिखलांतून पेट्या वाहून नेल्या जातात. काळोख सोयीचा, चिखल सोयीचा. पण दोन्हींची गांठ पडत नाहीं. कोंकण किनाऱ्यावरील माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच हिशेबानें अमावास्येची भरती बारांच्या आगेंमागें येते, आणि तीही उधाणाची. म्हणजे कादंबरींतील पेट्या ज्या चिखलांतून चालल्या आहेत, तेथें त्या घटकेस पुरुषभर पाणी असतें. लेखकाला मध्यरात्रीं ओहोटीच हवी असेल, तर त्यानें शुद्ध अष्टमी धरावी. ओहोटी भांगाची, म्हणून चिखल थोडा कमी मिळेल. पण चंद्रही त्याच सुमारास मावळत असतो.