श्रद्धेविषयीं आपसांतील बोलणें
(जुबिली-महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



या देवळाच्या इतिहासाविषयीं जें सांगण्याजोगें होतें तें माझ्या आधींच्या वक्त्यांनीं सांगितलेंच आहे. तें मी पुन्हां उगाळीत बसणार नाहीं. मला दिलेला विषय वरवर सोपा, पण बोलूं लागलें म्हणजे जड वाटतो: श्रद्धेविषयीं माणसें आपसांत जें बोलतात, तें. आपण एकत्र प्रार्थना करतों, लग्नांत व मयतांत एकमेकांच्या घरीं जातों. परंतु मनांतील शंका कोणी कोणास मोकळेपणीं विचारल्याचें मला फारसें आठवत नाहीं.

आपल्या भाषेंतील ख्रिस्ती काव्याचा आरंभ मात्र अशाच एका विचारण्यांतून झाला आहे. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले व सुमारें चाळीस वर्षें त्या प्रांतीं राहून १६१९ सालीं निवर्तले. त्यांचें दहा हजारांहून अधिक ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. नागरी खिळ्यांच्या अभावीं तें रोमन लिपींत निघालें; पण ओवी मात्र आपलीच. ग्रंथाच्या आरंभींच साष्टींतील एक प्रसंग आहे. देवळांत मुलें धर्मशिक्षण घेत असतां एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें आपण वाचूं देत नाहीं, मग त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं कां देत नाहीं?

या विचारण्यांत उद्धटपणा नव्हता, दुःख होतें. तो काळ गोड नव्हता, आणि जुबिलीच्या दिवशींही तें लपविण्याचें कारण नाहीं. साष्टींतील हिंदूंचीं देवालयें १५६७ सालीं पाडण्यांत आलीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच येशूसंघी मारले गेले, आणि त्यानंतर त्या गांवच्या पुढाऱ्यांचाही घात करण्यांत आला. ज्याच्या ओठांवरील कथा काढून घेतली गेली, तो माणूस देवळांत बसून म्हणत होता, माझी जीभ रिकामी आहे. पाद्रींनीं त्याला गप्प बसविलें नाहीं. त्याच्याच छंदांत, त्याच्याच भाषेंत त्यांनीं त्याला ख्रिस्तचरित्र ऐकविलें.

आतां माझी एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आळींतील एका काकींचा तरुण मुलगा तापानें दोन दिवसांत गेला. मी शाळामास्तर, चार शब्द नीट बोलतो असा लौकिक, म्हणून लोकांनीं मला पुढें केलें. मी म्हणालों, "काकी, देवाला तो अधिक प्रिय होता." त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. "मास्तर, मग मला तो कमी प्रिय होता काय?" एवढें विचारून त्या आंत गेल्या. पुढें कित्येक रविवार त्या मिस्सेला दिसल्या नाहींत. लोक म्हणाले, बाईचा विश्वास डळमळला. माझ्या मतें दोष माझ्या बोलण्याचा होता.

त्या दिवसांत मीं ईयोबाचा ग्रंथ पुन्हां वाचला. त्याचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहींत. तेथपर्यंत त्यांचें सारें ठीक होतें. मग ते बोलूं लागले व देवाची वकिली करूं लागले: तूं पाप केलें असशील, तुझ्या मुलांनीं केलें असेल. ईयोब मात्र देवाशींच भांडला, आपल्या जन्मदिवसास शाप देऊन न्याय मागूं लागला. देवानें त्यालाही वावटळींतून खडसावलें, हें खरें. परंतु शेवटीं कोप झाला तो मित्रांवर, आणि त्यांच्याकरितां प्रार्थना करण्याचें काम ईयोबाकडे आलें. त्याच्या दुःखाचें कारण देवानें सांगितलेंच नाहीं. आजवर देवाची वकिली आम्हींही किती केली, याचा हिशेब मीं त्या रात्रीं केला.

मी पुन्हां काकींकडे गेलों. या वेळीं कांहीं तयार करून नेलें नव्हतें. त्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलीत होत्या. मीही सोलूं लागलों. बऱ्याच वेळानें त्यांनीं मुलाच्या लहानपणचें सांगावयास सुरुवात केली. रोझरीच्या वेळीं तो कसा भिंतीला टेकून झोंपी जाई, तें. मध्येंच त्यांनीं विचारलें, "मास्तर, मरियामाता क्रुसाखालीं उभी होती, तेव्हां तिला कोणी कांहीं समजावलें काय?"

मी म्हणालों, "नाहीं, काकी. पुत्रानें तिला योहानाच्या हातीं सोंपविलें, एवढेंच शुभवर्तमानांत आहे."

"म्हणजे एक माणूस दिला," त्या म्हणाल्या, आणि पुन्हां शेंगा सोलूं लागल्या.

पुढच्याच रविवारीं त्या देवळांत आल्या असें सांगितलें तर ऐकणारांस बरें वाटेल. पण तसें झालें नाहीं. पुष्कळ महिन्यांनीं आल्या, आणि अजूनही मागच्या बांकावर बसतात. ही हकीकत येथें सांगण्यास त्यांनींच परवानगी दिली, ती दोन अटींवर: नांव घ्यावयाचें नाहीं, आणि त्यांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें असें म्हणावयाचें नाहीं.